पदपथाचे माप

छत्रपती संभाजीनगरात पन्नाशीचा, बऱ्या कपड्यांतला माणूस भरदिवसा पायी चालताना दिसला, की त्याच्यावर काहीतरी ओढवले आहे याबद्दल लोकांच्या मनात शंका उरत नाही. घरापासून मोंढा नाका गाठेपर्यंत एखादा तरी स्नेही गाडी थांबवून ‘‘काय सर, गाडी बंद पडली का?’’ असे विचारतो आणि ‘‘नाही, मुद्दाम चालतोय’’ म्हटले, की आवाज खाली आणून ‘‘शुगर निघाली का?’’ अशी चौकशी करतो. पेट्रोलचे पैसे वाचवतो आहे, असे खरे कारण सांगावे तर आता हा उसने मागणार, या धास्तीने तो लगबगीने गिअर टाकतो.

वास्तविक सरकारी कागद पाहता माझा सत्कारच व्हायला हवा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ने-आणीला महत्त्व द्यावे, असे स्वच्छ म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी शंभरातले बावीस-तेवीस जण कामावर चालत जात होते आणि तेराच्या आसपास सायकलने. एवढी माणसे इंधन न जाळता आणि पार्किंग न मागता वेळेवर हजर होत असतील, तर त्यांना सलग पदपथ आणि चार झाडांची सावली देणे हे कोणत्याही उड्डाणपुलापेक्षा स्वस्तच पडणार. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात केली, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली लक्षणीय वाढल्या आणि तेवढाच पैसा नुसता रोख वाटून जे साधले नसते ते सायकलीने साधले, असा हिशेब पुढे अर्थतज्ज्ञांनी मांडला. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात. मात्र ती सायकल नेमकी कोणत्या रस्त्यावरून चालवायची, हा विषय बहुधा दुसऱ्या खात्याकडे असावा. माझ्या मते खरी अडचण पैशांची नसून उद्घाटनाची आहे. पदपथावर मंडप टाकला, की पदपथच उरत नाही.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या ‘भारतीय रस्ते काँग्रेस’ या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि त्याची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी. हे वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना. एका सकाळी, ऊन बेचाळीस अंशांवर चढण्याआधी, घरातला स्टीलचा टेप खिशात घालून मी बाजारातल्या पदपथावर गेलो. कड माझ्या गुडघ्याशी सलगी करत होती. वर चढल्यावर प्रथम विजेची डीपी, मग झाकण हरवलेले चेंबर, त्यापुढे कूलरची रांग आणि शेवटी घागरा-चोळी नेसवलेले, डोके नसलेले चार पुतळे असा क्रम होता. पुतळा आणि डीपी यांच्यातले अंतर मोजावे म्हणून मी वाकलो आणि टेप खर्रकन ओढला.

त्या आवाजाचा परिणाम कोणत्याही शासन निर्णयाला साधला नसेल. ‘‘अतिक्रमणवाले आले!’’ अशी हाक पलीकडच्या दुकानातून उठली. कूलर आत सरकले, शेवपुरीची गाडी गल्लीत वळली, फ्लेक्सच्या चौकटी भिंतीला टेकल्या आणि कापड दुकानातली दोन पोरे पुतळ्यांना कमरेत धरून, लाजत का होईना, आत घेऊन गेली. मी काहीच बोललो नव्हतो. हातात टेप आणि कपाळावर आठी एवढीच माझी यंत्रणा होती. मोजले तेव्हा रुंदी दोन मीटरच्याही वर भरली. म्हणजे पदपथ होता, फक्त दिसत नव्हता. मागून एक आजी नातवाचा हात धरून त्या मोकळ्या जागेतून ऐटीत निघून गेल्या आणि जाताना ‘‘रोज येत जा रे बाबा’’ असे म्हणाल्या.

तेव्हापासून बाजारात जाताना टेप मी बरोबर ठेवतो. त्याची किंमत दीडशे रुपये असून त्यासाठी कोणतीही निविदा काढावी लागलेली नाही. परवा कापड दुकानाच्या मालकांनी मला आग्रहाने आत बोलावून चहा पाजला, पंखा माझ्याकडे वळवला आणि आवाज उतरवून विचारले, ‘‘साहेब, सणावाराचे दिवस आहेत, तेवढे पुतळे सोडून मोजता येईल का?’’