टिचकी मारून घेणं म्हणजे वय तपासणं नव्हे

ऑनलाइन दारूगोळा विकणाऱ्यांनी ग्राहकाचं वय तपासणं व्यवहार्य नाही, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. मी ह्यूस्टनजवळ राहते. सांता फे हायस्कूल इथून फार लांब नाही. 18 मे 2018 ला तिथे एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात 10 जण मारले गेले, त्यात पाकिस्तानातून शिकायला आलेली एक मुलगीही होती. बंदुका आरोपीच्या वडिलांच्या होत्या, पण गोळ्या 17 वर्षांच्या त्या मुलाने एका संकेतस्थळावरून घरपोच मागवल्या. अटी मान्य असल्याच्या चौकोनात खूण केली, प्रीपेड कार्डाने पैसे भरले आणि झालं! ओळखपत्र कुणी मागितलंच नाही.

पिस्तुलाच्या गोळ्यांसाठी 21 आणि रायफल-शॉटगनच्या गोळ्यांसाठी 18 ही वयाची अट अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1968 पासून आहे. म्हणजे नियम होता, तपासणी नव्हती. पीडित कुटुंबं त्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेली. शस्त्रविक्रेत्यांना अशा खटल्यांपासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा आड येत होता, तरी ती मागे हटली नाहीत. शेवटी 2023 मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने वयाची पडताळणी करण्याचं मान्य केलं. मग व्यवहार्य नाही कसं?

एवढं एका विक्रेत्यापुरतं झालं. बाकीच्यांसाठी प्रत्येक वेळी कुणाच्या तरी आईवडिलांनीच कोर्टाची पायरी चढायची का? डिलिव्हरीच्या वेळी प्रौढ माणसाची सही आणि ओळखपत्र घेणं इथे दारूच्या पार्सलला चालतं, ते गोळ्यांनाही सक्तीचं करा.