चाकोरीबाहेरचा एक रविवार

मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्या माणसाला मोटारींतले पुष्कळ कळत असावे, असा लोकांचा समज असतो. गेली चार वर्षे खेड तालुक्यातल्या एका माळावर हौशी चालकांसाठी ऑटोक्रॉस भरवल्यानंतर मला फक्त माती कळू लागली आहे, आणि तीही अर्धवट.

ऑटोक्रॉसमध्ये गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत. शंकूंनी आखलेल्या वाटेवरून एकेक गाडी एकटी धावते, तिची वेळ घेतली जाते, आणि शंकू पाडला तर आमच्या नियमाप्रमाणे त्या वेळेत 5 सेकंद वाढतात. जमिनीचे मालक असलेल्या नानांना हे समजावण्यासाठी मी तासभर राखून ठेवला होता. “म्हंजी बारीच की!” असे म्हणून त्यांनी तो तास वाचवला. बारी म्हणजे एकेका बैलगाड्याची धाव; त्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या वाटेवर, बैलगाडाही घड्याळाशीच धावतो, आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून तर नाना शर्यत या विषयावर स्वतः घटनापीठ असल्यासारखे बोलतात.

त्यांचा पहिला निवाडा असा होता, की पाणी आदल्या सांजेला मारायचे. मी मात्र सकाळी ताजे पाणी मारण्याच्या मताचा होतो. परिणामी वरची बोटभर माती लोण्यासारखी झाली आणि तिच्याखालचा मुरूम कोरडा ठणठणीत राहिला. पहिल्या पाच गाड्या बर्फावरच्या म्हशींसारख्या घसरल्या, आणि अकरा वाजता त्याच वाटेवर एवढी धूळ उडाली, की वळणावरच्या मार्शलने दाखवलेला पिवळा झेंडा खुद्द मार्शललाही दिसेना. रात्रभर मुरलेले पाणी मुरूम घट्ट धरून ठेवते, हे मला तेव्हा कळले.

पोलिसांची परवानगी, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि रुग्णवाहिका यांविषयी मी लिहीत नाही. ज्यांनी ती कागदपत्रे गोळा केली आहेत त्यांना ठाऊक आहे, आणि इतरांनी सुखात राहावे.

खरा प्रश्न चाकोरीचा आहे. रोजच्या चाकोरीतून सुटण्यासाठी मंडळी पुण्याहून पहाटे निघतात, आणि दुपारपर्यंत आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या वीतभर खोल चाकोरीत दिवस काढतात. 1985 साली बाजारात आलेल्या जिप्सीची एखादी म्हातारी प्रत अंगाने हलकी असल्यामुळे तीवरून तरंगत जाते; नवी कोरी थार मात्र पोटाने माती खरवडत येते, आणि तिचा मालक उतरल्या उतरल्या क्रमांक उशिरा लागल्याची तक्रार माझ्याकडे नोंदवतो. मग दोन फेऱ्यांच्या मध्ये फावडी घेऊन वाट सारखी करायची आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा लावायचा, एवढाच न्याय माझ्या हातात असतो.

यंदा आदल्या सांजेला पाणी मारूनही दुपारच्या उन्हात धूळ उडालीच, म्हणून जेवणाच्या सुट्टीत दहा हजार लिटरचा टँकर पुन्हा बोलावला. माळाच्या तळाशी, शेवटच्या वळणाला, काळ्या मातीचा एक पट्टा आहे. तिथे पाण्याचा थेंब टाकायचा नाही, हे मी टँकरवाल्याला तीनदा बजावले होते. नेमका तिथेच त्याला फोन आला. फोन महत्त्वाचा असावा, कारण त्याने टँकर थांबवला. पण मागचा व्हॉल्व्ह बंद करण्याइतका तो महत्त्वाचा नव्हता. काळी माती पाणी पिऊन फुगली, आणि बोलणे संपेपर्यंत टँकरची मागची चाके आसापर्यंत रुतली.

मग हवा 18 पौंडांपर्यंत उतरवलेल्या दोन थार, एक जिप्सी, जाड पट्टे आणि निम्मे प्रेक्षक असा लवाजमा टँकरपुढे जुंपला गेला. दिवसभर कोणत्याही गाडीला मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या तो टँकर बाहेर पडताना त्याला मिळाल्या. नाना बांधावर उभे राहून मनगटावरच्या घड्याळात पाहत होते.

“बावीस मिनटं,” ते म्हणाले. “आणि दोन शंकू पाडल्यात. धरा धा सेकंद.”