‘एवढं पण कळत नाही का?’

परवा एका जुन्या अंगणवाडी सेविकेचा फोन आला. "मॅडम, उद्यापासून तीन दिवस ट्रेनिंग आहे. भावनिक बुद्धिमत्ता. म्हणजे काय असतं?"

मी म्हटलं, "तू जून महिन्यात जे करतेस ना, तेच."

ती हसली. मी मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून होते. त्यातूनच ही पोस्ट, जरा लांबेल.

मी एकवीस वर्षं मुख्यसेविका होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वीस-पंचवीस अंगणवाड्यांचा एक बीट असतो, त्याची देखरेख करणारी बाई म्हणजे मुख्यसेविका. रजिस्टरं तपासायची, वजनं पडताळायची, महिन्याची बैठक घ्यायची. आता निवृत्त आहे, त्यामुळे बोलायला मोकळी.

तर जून महिना. तीन वर्षांचं पोर पहिल्यांदा आईला सोडून आलेलं. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून, नाक गळतंय, आवाज बसलाय. फोन केला ती सेविका त्याच्यापाशी जायची नाही. चार हात लांब फतकल मारून बसायची आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून जमिनीवर सरकवायची. "हे सांभाळ रे जरा. हरवलं तर मला कुलूप लावता यायचं नाही." पोर रडत रडतच जुडगा उचलायचं. "आई आत्ता येते हां" असं खोटं ती कधी बोलली नाही. सांगायची, "आई शेतावर गेलीय. खिचडी खाल्ली, हात धुतले, की येईल." घड्याळ न कळणाऱ्या पोराला खिचडी कळते. अर्ध्या तासाने रडं ओसरायचं, जुडगा मात्र मुठीतच. असे कितीतरी जून मी पाहिलेत. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता ट्रेनिंग. मी स्वतः अशी दोन केलीत. पंचायत समितीचा हॉल, पंखा एकच, पडद्यावर पिवळे गोल चेहरे: आनंद, दुःख, राग, भीती. पुण्याहून आलेली मुलगी गोड होती, मेहनती होती. तिने विचारलं, "आत्ता या क्षणी तुम्हाला काय वाटतंय?" मागून उत्तर आलं, "चारची एसटी गेली तर सहाशिवाय नाही, असं वाटतंय." सगळा हॉल हसला. तिला वाटलं चेष्टा चाललीय. चेष्टा नव्हती, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं ते.

आणि चारच चेहरे? आमच्या बायकांना पोरांसाठी किती शब्द आहेत बघा. रुसलंय. हिरमुसलंय. फुरंगटलंय. भेदरलंय. कावरंबावरं झालंय. खट्टू झालंय. किरकिर करतंय. रुसलेल्याची समजूत काढायची, हिरमुसलेल्याला नुसतं जवळ घ्यायचं, भेदरलेल्याच्या अंगावर धावून जायचं नाही, आणि किरकिरणाऱ्याच्या कपाळाला आधी हात लावून बघायचा, ताप असतो. हे सगळं त्या शब्दांतच आहे. पडद्यावर आलं ‘स्व-नियमन’. एकीने मला हळूच विचारलं, "हे कुटुंब नियोजनातलं का?"

म्हणजे ट्रेनिंग नको का? हवंच. गैरसमज नको. पाच वर्षांच्या आतल्या पोराला स्वतःला आवरणं, म्हणजेच ते स्व-नियमन, पुरतं जमत नाही, मेंदूचा तो भाग अजून कच्चा असतो. ते शांत होतं समोरच्या मोठ्या माणसाच्या शांतपणावर. समोरची बाईच तापलेली असेल तर पोराने उसनं आणायचं कुठून? आणि सगळ्याच सेविका किल्ल्या देणाऱ्या नसतात. "रडलास तर अंधाऱ्या खोलीत कोंडीन" म्हणणाऱ्याही मी ऐकल्यात. चिमटे पाहिलेत. शिक्षण हक्क कायद्यातली शिक्षेवरची बंदी ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, आमची तीन ते सहाची पोरं त्या कायद्याच्या दाराबाहेरच.

यातलं काही नवीन आहे असंही नाही. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्तेची, म्हणजे आपल्या नि दुसऱ्याच्या भावना ओळखून सांभाळण्याची, मांडणी केली १९९० साली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये डहाणूकडच्या बोर्डीला बालवाडी काढून बसल्या होत्या. पोरं येईनात, तर या दोघी बालवाडी घेऊन पाड्यांवरच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हे नाव तिथलं. आधी पोराकडे जायचं, मग शिकवायचं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारी योजना सुरू झाली आणि हळूहळू त्या अंगणात काय काय येऊन पडलं! लसीकरण, पोषण आहार, गरोदर मातांच्या भेटी, सर्वेक्षण, अकरा रजिस्टरं, आता मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर, म्हणजे नोंदींचं सरकारी ॲप. टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं, पाकीट द्यायचं तर आधी आईचा चेहरा स्कॅन. रेंज नाही म्हणून सेविका फोन उंच धरून आवारभर फिरतेय, आई खोळंबलीय, आणि पदराला एक रडणारं पोर लोंबकळतंय. अशा वेळी ‘दीर्घ श्वास घ्या’ सांगणाऱ्याला मी एकदा तो फोन धरायला देणार आहे.

पण आता माझं स्वतःचं. पोस्ट खरं तर यासाठीच लिहायला घेतली.

एका महिन्याच्या बैठकीत मी एका सेविकेला सगळ्यांसमोर झापलं. वजनाचा तक्ता चुकला होता, वरून मला बोलणी बसली होती. मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली, एवढं पण कळत नाही का?" ती खाली बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याच अंगणवाडीत भेटीला गेले. चपला काढतच होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "एवढं पण कळत नाही का?" एका पोराने खिचडीची ताटली पालथी केली होती. शब्द माझे, सूर माझा, ‘एवढं’वरचा जोरसुद्धा माझाच. फरक एवढाच की कालच्या बाईला निदान खाली तरी बघता आलं. पोर चार वर्षांचं, ते माझ्याकडे बघत होतं.

म्हणून म्हणते, ट्रेनिंग वरून सुरू करा. आधी अधिकाऱ्यांना, मग मुख्यसेविकांना, मग सेविका आणि मदतनीस. मदतनीस नेहमी विसरली जाते, पोर शी करतं तेव्हा त्याच्याशी बोलते ती मदतनीसच. आणि तीन दिवस एकदम नको. दर महिन्याच्या बैठकीतला एक तास द्या, त्या तासाला रजिस्टर बंद, मोबाइल पालथा. "या महिन्यात कुठल्या पोराने तुला रडवलं?" एवढा एकच प्रश्न. एकीने सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पडदा लागत नाही, पुण्याहून कुणी यावं लागत नाही. मी नोकरीत असताना हे का केलं नाही, असं विचाराल तर खरं उत्तर आहे, सुचलंच नाही. मला वाटायचं बैठक म्हणजे तपासणी.

त्या सेविकेची माफीही मागितली नाही. मागायची असते हेच तेव्हा डोक्यात आलं नाही, आणि नंतर फार उशीर झाल्यासारखं वाटत गेलं. माझ्या निरोप समारंभात बीटातर्फे साडी आणि नारळ द्यायला बायकांनी तिलाच पुढे केलं. ओटी भरताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला."