नो आयटम्स मॅच

काल भाडेकरू फोनवर खोळंबलेला आणि मी कॉम्प्युटरवर दुकानाचा भाडेकरार शोधतोय. इंग्रजी अक्षरांत 'भाडे' टाइप केलं. उत्तर आलं, 'नो आयटम्स मॅच युअर सर्च.' परत टाकलं. परत तेच. सरकारी खिडकीतला माणूससुद्धा निदान "उद्या या" म्हणतो.

दुरुस्तीवाल्या पोराला फोन लावला. "साहेब, इंडेक्स रिबिल्ड मारा, विषय संपला." मारलं. म्हणजे सगळी अनुक्रमणिका पुसून पहिल्यापासून लिहायची. तर यंत्र म्हणतं, युजर अ‍ॅक्टिव्हिटीमुळे इंडेक्सिंगचा वेग कमी झालाय. युजर कोण? मी! माझ्याच घरात, माझ्याच वीजबिलावर चाललेल्या यंत्राला माझी अडचण!

तेवढ्यात शेजारचे तात्या भडंगाची पुडी घेऊन आले. जन्मभर रेकॉर्ड रूममध्ये कारकुनी केलेला माणूस. मी माऊसकडे हात नेला की मनगटावर चापट. "हात लावू नगंस, लिहितंय त्ये." आमच्याकडं रुमाल बांधलेली दप्तरं होती, डोळं झाकून कागद काढायचो, उंदीर लागला तर लागला पण दप्तर कधी 'न्हाई' म्हणालं न्हाई... हे सगळं इंडेक्सिंग होईपर्यंत ऐकलं. शेवटी रिबिल्ड झालं. 'भाडे' टाकलं. नो आयटम्स.

तात्यांनी तेलकट बोट थेट स्क्रीनवर टेकवलं. "मग ही काय हाय?"

डेस्कटॉपवरच होती. 'दुकानभाडेकरार', सलग लिहिलेलं. करार पाठवला, भाडेकरू सुटला. पण तात्या सुटेनात.

"ह्ये शब्दाचं तोंड बघतंय, पोट न्हाई. थांब." मला दोन रिकाम्या फायली करायला लावल्या. एक राजारामपुरी, एक शाहूपुरी; कोल्हापूरच्या दोन पेठांची नावं. "आता नुसतं पुरी टाक." टाकलं. राजारामपुरी नाही, शाहूपुरी नाही. आली ती बायकोनं उतरवून ठेवलेली 'पुरीभाजी'.

तात्या खवळले. "आरं, शाहूपुरी १८९५ सालची! शाहू महाराजांनी वसवली, गुळाचा बाजार भरवला. तिला हा वळखत न्हाई, आन् पुरीभाजीला वळखतो?"

त्यांच्या रागात मला माझा राग सापडला. पोराला पुन्हा फोन केला तर म्हणतो, "आधी स्टार द्या की साहेब." पुरीच्या आधी तारा, म्हणजे * हे चिन्ह टाकलं, तिन्ही हजर. हे आधी का नाही सांगितलं? आणि तो तारा मी का द्यायचा? नावाच्या मधलंही शोधायचं, एवढी अक्कल त्याला विकतानाच घालायला काय झालं होतं? इंटरनेटवरच्या जगभरच्या गोष्टी न मागता पुढं करतं, आणि घरातली फाईल मागितली की बहिरं. बरं, चिडून बोलावं तर ऐकायला समोर कुणी नाही. 'नो आयटम्स' म्हणणाऱ्याची कॉलर धरता येत नाही.

तात्यांचं मात्र समाधान झालेलं. त्यांनी पुरीभाजीची फाईल उघडायला लावली, चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलं आणि बटाट्यापर्यंत वाचत गेले.

"सूनबाई," स्वयंपाकघराकडं हाक गेली, "हिंग घालायचा ऱ्हायलाय बघ ह्यात. आन् पुऱ्या कधी करतीस?"