खालून गळतं म्हणून दोष खाली नसतो

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तिघांनी पाठवला. विषय व्हेपची, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगारेटची, ती टाकी, जिच्यात कॉइल (तापणारी तार) आणि लिक्विड शोषणारा कापूस आपल्या हाताने बसवावा लागतो. मेसेज असा: "टाकी गळतेय? खालून गळते म्हणजे खालची ओ-रिंग गेली, बदला आणि घट्ट आवळा. कापूस ठासून भरा. टाकी अर्धीच भरा. हाताला लागलं तर घाबरू नका, नुसतं ग्लिसरीन आणि सुगंध आहे. निकोटिन नसेल तर भारतातही बिनधास्त चालतं." पाठवणाऱ्या तिघांत एक माझा दुबईचा भाचा. त्याने खाली स्वतःची ओळ जोडली होती: "मामा, सगळं करून झालं. तरी खिसा ओला."

मी व्हेप ओढत नाही, कुणी ओढावं म्हणून हे लिहीतही नाही. पण नाशिकच्या अंबडला माझी अर्धी हयात हवेचे सिलिंडर आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यात गेली आहे. ओ-रिंग म्हणजे सांध्यातून गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी; तिच्याबद्दल कुणी काहीही ठोकून दिलं की गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा खालच्या रिंगचा. सगळा घोळ इथेच आहे. कपालेश्वराच्या पिंडीवर टांगलेली गळती डोळ्यांसमोर आणा. तळाला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब पाणी. थेंब पडत राहतो कारण वरचं तोंड उघडं आहे. जेवढं पाणी खाली जातं तेवढी हवा वरून आत येते. त्या तोंडावर हवाबंद झाकण बसवलंत तर थोड्याच वेळात धार थांबेल. भोक आहे तिथेच आहे, पण आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला, त्यामुळे पाणी अडून राहिलं. (व्हेपसाठी देवाची गळती वेठीला धरली, कपालेश्वर माफ करो.)

व्हेपची टाकी याच हिशोबावर चालते. वर झाकण, भोवती काच, मध्ये वाफ वर नेणारी नळी म्हणजे चिमणी, खाली कॉइल आणि लिक्विडच्या वाटांवर बसलेली कापसाची टोकं. लिक्विड वापरलं गेलं की आतला दाब थोडा घटतो आणि कापसाच्या कडेने एखादा बुडबुडा वर चढून तो सावरतो. आता वरच्या झाकणाची रिंग दुमडली, चिरली किंवा काचेची कड टवका उडालेली असली तर हवा वरूनच शिरते. मग अडवणारं काही उरत नाही. लिक्विड स्वतःच्या वजनाने कापसातून कॉइलच्या खोलीत उतरतं आणि हवेच्या भोकांतून बाहेर येतं. ओलं खाली दिसतं, म्हणून माणूस खालची रिंग बदलतो.

ओळखायचं कसं? काचेकडे बघत चार झुरके घ्यायचे. पातळी उतरतेय आणि खालून बुडबुडे चढतायत, तर वरचं सील ठीक. पातळी उतरतेय आणि बुडबुडाच नाही, तर हवा दुसरीकडून येतेय. खर्च शून्य.

आणि "घट्ट आवळा" हे तर आमच्या शॉपमध्ये नवा पोरगा पहिल्या आठवड्यात करतो. ओ-रिंग किती दाबली जाणार हे खाचेच्या मापाने ठरतं. धातूला धातू टेकल्यावर पुढे आवळून सील वाढत नाही, उलट रिंग पिळवटते नाहीतर काच तडकते. बसवताना रिंगला त्याच लिक्विडचं बोट लावायचं, म्हणजे ती सरकून नीट बसते.

कापूस ठासण्याचा सल्ला अर्धवट ऐकलेल्या खऱ्या गोष्टीतून आलाय. टोकं आखूड पडली किंवा वाटा उघड्या राहिल्या तर टाकी तुंबते, गुडगुड वाजते, तोंडात गरम थेंब उडतात. हे खरंच होतं. पण ठासलेल्या कापसातून लिक्विड वर चढत नाही. कॉइल कोरडी तापते, कापूस करपतो, घसा धरतो. मग माणूस आणखी जोरात ओढतो, खोलीतला दाब आणखी घटतो आणि कापसाच्या बाजूच्या फटीतून लिक्विड आत खेचलं जातं. म्हणजे करपलेली आणि तुंबलेली, दोन्ही एकदम! कॉइलमधून किंचित अडत सरकेल पण तारेला वाकवणार नाही इतका कापूस घ्यावा. टोकं विंचरून सैल करावीत आणि वाटांची तोंडं फक्त झाकावीत.

अर्धी टाकी हा सल्ला मात्र चक्क उलटा. गळती ढकलते ती आतली हवा. कसारा घाट चढून इगतपुरीला पोचेपर्यंत वेफर्सचं पाकीट फुगतं ते पाहिलंय ना? समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर आलो की बाहेरचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. ४ मिलीची टाकी अर्धी असेल तर आतली २ मिली हवा तेवढी फुगते आणि दोन-तीन थेंब बाहेर. विमानात हवा पाव पटीने किंवा जास्तच फुगते, म्हणजे अर्धा मिली. टाकी गच्च भरलेली असेल तर हवाच थोडी, थेंबही थोडे. उन्हात बंद गाडीत ठेवली तरी हेच होतं.

भरतानाचं मेसेजमध्ये काहीच नाही. झाकण उघडलं की दाबाचा तोल गेला. म्हणून आधी हवेची भोकं बंद, पटकन भरणं, झाकण लावून टाकी उलटी, मग भोकं उघडायची.

मेसेजच्या शेवटच्या दोन ओळी मला सगळ्यात खटकल्या. निकोटिन असलेलं लिक्विड कातडीतून अंगात जातं. हात साबणाने धुवावेत. लहान मुलाच्या पोटात थोडं गेलं तरी ते विषारी आहे. आणि कायदा? सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला, डिसेंबरात कायदा झाला. त्यातल्या व्याख्येत निकोटिन "असो वा नसो" अशा अर्थाचेच शब्द आहेत. आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भाच्याला सांगितलंय, दिवाळीला ये, ती टाकी तिकडेच ठेवून ये.

त्याने खालची रिंग तीनदा बदलली होती. परवा व्हिडिओ कॉलवर झाकण काढायला लावलं. वरची रिंग खाचेबाहेर येऊन पिळलेली होती, नखाएवढा भाग कापलेला. डब्यात सुटी रिंग होतीच.