“ट्यूनिंग बॉक्स लावा, पॉवर पण वाढेल आणि मायलेज पण” : त्या मेसेजला मुद्द्याला मुद्दा उत्तर

महिन्याभरात हा एकच मेसेज मला आठ-दहा जणांनी पाठवलाय, शहापूरहून आला, खानापूरहून आला, निपाणीहून आला, पलीकडं चंदगडहून पण आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टर्बोवाल्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेल्या) महागड्या एसयूव्हीचं इंजिन कंपनी मुद्दाम दाबून ठेवते म्हणे, ट्यूनिंग बॉक्स लावला की दहा मिनिटात २५ टक्के पॉवर वाढते, वर मायलेज दोन-तीन किलोमीटरनं वाढतं, सगळं इंजिनच्या सेफ्टी मार्जिनमध्येच असतंय आणि सर्व्हिसिंगला जाताना काढून ठेवला की कुणाला पत्ता लागत नाही. खाली चोर्ला घाटात ओव्हरटेक मारतानाचा व्हिडिओ जोडलेला आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) कामात २२ वर्षं आहे. माझ्या मावसभावानं कर्ज काढून सेकंडहँड जर्मन एसयूव्ही घेतली, दोन लिटर डिझेल टर्बो, आणि असाच मेसेज वाचून त्यात हा बॉक्स बसवला. त्याचं पुढं काय झालं ते मी डोळ्यानं बघितलंय म्हणून एवढं टाइप करायला बसलोय, वेळ काढून वाचा.

आधी हा बॉक्स करतो काय ते समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यातनंच येतंय. डिझेल गाडीत पंप डिझेलला प्रचंड दाबानं एका जाड नळीत भरून ठेवतो, तिला रेल म्हणतात, तिथला दाब आजकाल १,६०० ते २,००० बार आणि काही गाड्यांत त्याच्याही वर जातो. रेलच्या टोकाला एक सेन्सर असतो, तीन वायरचा, तो ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, सांगत असतो की आत्ता दाब किती आहे. बॉक्स या सेन्सरच्या आणि ईसीयूच्या मध्ये जाऊन बसतो. खरा दाब १,४०० असला तर ईसीयूला सांगतो १,२५०. ईसीयूला वाटतं दाब कमी पडला, तो पंपाला म्हणतो वाढव. दाब वाढला, इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोजल) तेवढाच वेळ उघडला तरी डिझेल जास्त गेलं, पिकअप आला. म्हणजे इंजिनच्या मेंदूशी खोटं बोलायचं एवढंच याचं काम, आणि ईसीयूचा पुढचा प्रत्येक हिशोब त्या खोट्यावर चालतो. (पेट्रोल टर्बोला असंच बूस्टच्या, म्हणजे टर्बोनं भरलेल्या हवेच्या दाबाच्या, सेन्सरशी खोटं बोलतात, तिथं इंजिन नॉक करायला, म्हणजे आत अवेळी पेटून ठोकायला, लागलं की ईसीयू स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागं घेतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात वाढलेली पॉवर बरीचशी गायब होते.)

आता मायलेज. सगळ्यात जास्त लोक याच मुद्द्यावर फसतात कारण डॅशबोर्डवर खरंच आकडा वाढलेला दिसतो. भावानं मला फोटो पाठवला होता, “बघ की दादा, १५.१ दाखवायलाय!” मला पटेना. डिझेल जास्त जाळून गाडी कमी डिझेल कशी खाईल? मग आम्ही दोघांनी खानापूर रोडला एका पंपावर टाकी काठोकाठ भरली, नोजल तीनदा कट होईपर्यंत, गोव्याला जाऊन दोन दिवस फिरून त्याच पंपावर त्याच नोजलला परत भरली. ४१२ किलोमीटर झाले होते, डिझेल बसलं ३३ लिटर. म्हणजे साडेबारा. डॅशबोर्डवर तेव्हा पण १५.१ च होतं.

गाडीत डिझेल मोजायला काय माप बसवलेलं नसतंय हो. रेलचा दाब किती आणि इंजेक्टर किती वेळ उघडा, यावरनं ईसीयू हिशोब करतो की एवढं डिझेल गेलं असणार. दाबच खोटा कमी सांगितला तर डिझेल पण कमी गेल्यासारखं दिसणार ना! बॉक्स काढून परत तशीच टाकी भरून बघितली तेव्हा डॅशबोर्ड १३.९ आणि खरं १३.४. एकाच गाडीचे आकडे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील, पण मेसेजमधले “दोन-तीन किलोमीटर” कुठनं आले ते मला त्या दिवशी पंपावरच कळलं.

“२५ टक्के पॉवर.” वाढत नाही असं मी म्हणणार नाही, वाढते, अंगाला जाणवते, विशेषतः मधल्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाचे फेरे). पण २५ टक्के फक्त दाब वाढवून कशी येणार ते कुणीतरी मला गणितानं सांगावं. इंजेक्टरच्या भोकातनं जाणारं डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या हिशोबानं वाढतं, दाब दुप्पट केला तर डिझेल साधारण १.४ पट होतं, दुप्पट नाही. २५ टक्के जास्त डिझेल पाहिजे तर दाब ५६ टक्के वाढवायला लागेल. फुल लोडला जी गाडी १,८०० बारला चालते तिला २,८०० च्या वर न्यायला लागेल, तेवढा दाब सोसायला तो पंपही नाही आणि ते इंजेक्टरही नाहीत, त्याच्या कितीतरी आधी रेलचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. शिवाय जास्त डिझेल जाळायला जास्त हवा पण पाहिजे, नाहीतर मागनं काळा धूर. आणि बीएस ६ गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, तो धूर बाहेर पण दिसत नाही, डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, जाऊन बसतो. फिल्टर किती भरला याचा अंदाज पण ईसीयू बऱ्याच अंशी जाळलेल्या डिझेलवरनं बांधतो, तोही चुकला.

काही जण जो ओबीडी पोर्टला (गाडी तपासायला कॉम्प्युटर जोडायचं सॉकेट) लावायचा चार-पाचशे रुपयांचा डबा विकतात त्याच्याबद्दल लिहीत पण नाही. उघडून बघणाऱ्यांना आत लाईट लुकलुकवणारी चिप मिळालीय.

“कंपनी मुद्दाम दाबून ठेवते.” फॉर्च्युनरचं उदाहरण घ्या, आपल्याकडं रोज दिसणारी गाडी. तेच २.८ लिटरचं इंजिन, तीच २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) आणि मॅन्युअलला ४२०. गिअरबॉक्स आणि क्लचकडं बघून कंपनीनंच ८० कमी दिलाय, कुणाची फसवणूक करायला नाही. आणि बीएमडब्ल्यूच्या बी४७ डिझेलचं उदाहरण सारखं देतात ना, २०डी मॉडेलला १९० पीएस आणि २५डी ला २३१ कसे, सॉफ्टवेअरचाच फरक म्हणून? त्या पहिल्या बी४७ मध्ये २०डी ला एक टर्बो होता, २५डी ला दोन. लोखंडच वेगळं होतं.

सेफ्टी मार्जिनवर मला थोडं जास्त बोलायचंय कारण हे माझ्या कामाचं आहे. मार्जिन ठेवलेलं असतंय हे खरं. पण ते कशासाठी? मटेरियल प्रत्येक हीटला (भट्टीतल्या प्रत्येक घाण्याला) थोडं वेगळं येतं, जर्नलचा (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ग्राइंडिंगमध्ये कुठं दोन-चार मायक्रॉन फरक पडतो, गिऱ्हाईक भेसळीचं डिझेल भरतो, ऑइल दोन हजार किलोमीटर उशिरा बदलतो, सहा माणसं आणि वर सामान घेऊन आंबोली चढतो. हे सगळं सांभाळायला ते मार्जिन असतंय, तिथं कुणी पॉवर शिल्लक ठेवलेली नाही. आणि धातूचा थकवा एका दिवसात दिसत नाही. २,००० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १,००० वेळा डिझेल पेटतं, तासाला ६० हजार. प्रत्येक पेटण्याला थोडा जास्त मार. म्हणून “मी सहा महिने वापरतोय, काय झालेलं नाही” हा पुरावा मी मानत नाही.

आणि आपण राहतो कुठं ते पण बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, इथल्या हवेचा दाब गोव्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी, म्हणजे हवा पातळ. तेवढीच हवा इंजिनला द्यायला टर्बोला आधीच जास्त फिरावं लागतं, आणि टर्बो लाखाच्या वरच्या आरपीएमला फिरणारी वस्तू आहे. कंपनीनं हे धरलेलं असतंय. बॉक्सनं मागितलेलं जास्तीचं काम धरलेलं नसतंय.

गिअरबॉक्सचं तर मेसेजमध्ये नाव पण नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत क्लचच्या प्लेटा असतात, ऑइलच्या दाबानं आवळलेल्या. किती आवळायच्या हे इंजिनचा ईसीयू गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला सांगतो की आत्ता टॉर्क एवढा आहे. आता ईसीयूलाच खरं माहीत नाही. तो सांगतो ४००, खरे येतात ४५०. प्लेटा ४०० च्या हिशोबानं आवळल्या, म्हणजे थोड्या घसरणार, घसरल्या की तापणार, तापल्या की ऑइल जळणार. भावाच्या गाडीला बॉक्स बसवल्यावर अकराव्या महिन्यात दुसऱ्यावरनं तिसऱ्या गिअरला जाताना झटका बसायला लागला, मग चढाला आरपीएम वर जायचा पण गाडी जागची पुढं सरकायची नाही. ऑइल काढलं तेव्हा मी तिथं होतो, लालसर असायला पाहिजे ते काळपट होतं आणि जळक्या वासाचं, बोटावर घेतलं तर बारीक काळी पूड लागली. साडेचार लाखाचं एस्टिमेट. हे बॉक्समुळंच झालं असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही, गाडी सेकंडहँड होती. पण आधीची दोन वर्षं गिअरबॉक्सला काही नव्हतं.

त्याच्या आधी एक धडा मिळाला होता, तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं. जुलैमध्ये रात्री गोव्याहून येताना कणकुंबीच्या अलीकडं गाडी लिंप मोडला गेली (बिघाड दिसला की ईसीयू पॉवर तोडतो तो मोड), चेक इंजिनचा दिवा, ताशी तीसच्या वर जाईना, गाडीत मावशी आणि दोन लहान पोरं, बाहेर कणकुंबीचा पाऊस म्हणजे काय ते आपल्या भागातल्यांना सांगायला नको. रेंज नाही. कसंबसं जांबोटीपर्यंत आले. सकाळी खानापूरच्या मेकॅनिकनं बोनेट उघडून पाच मिनिटात बॉक्सच्या प्लगवर बोट ठेवलं. बसवताना सॉकेटचं लॉक तुटलेलं, वर झिप टाय आवळलेला, आत पाणी आणि आपली लाल माती, पिनला हिरवट गंज. तो कन्नडमधनं एवढंच म्हणाला, “इदन्न मोदल तेगीरी अण्णा,” हे पहिलं काढा. भावानं पिना साफ करून परत बसवला.

“सर्व्हिसिंगला काढून ठेवा, पत्ता लागत नाही.” लागतो. फॉल्ट नोंदला गेला की त्या क्षणाचे आकडे, किलोमीटर, आरपीएम, तापमान, दाब, हे पण सोबत साठून राहतात. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर प्लेटा किती घसरतात ते शिकत असतो, त्याची नोंद राहते. आणि ते तुटलेलं लॉक कोण लपवणार? भावाची एक्स्टेंडेड वॉरंटी होती, त्यांनी सॉकेटचा फोटो काढला आणि विषय संपला. खरं सांगू, मला राग याचाच जास्त आहे की मेसेज लिहिणारा तुम्हाला इंजिनशी खोटं बोलायला लावतो, मग वर्कशॉपशी पण, आणि भरपाई करायची वेळ आली की तो कुठंच नसतो.

कायद्याचं एका ओळीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, केए २२ असो नाहीतर एमएच ०९. इन्शुरन्सला न कळवलेला बदल अपघातानंतर निघाला तर क्लेमला काय होईल ते पॉलिसी काढून वाचा.

ज्यांच्या गाडीत आत्ता बॉक्स आहे त्यांनी उद्या टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवा, परत त्याच पंपावर भरा आणि डॅशबोर्डशी ताडून बघा. काढायचा ठरला तर गाडी लॉक करून अर्धा तास सोडा, इग्निशन बंद असतानाच प्लग काढा, ओढू नका, लॉकची कळ दाबून काढा, मूळ प्लग टक असा आवाज येईपर्यंत बसवा. आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकदा बोटावर घेऊन बघायला सांगा.