टपालाने चेक पाठवताय? पाकीट राहू द्या, आधी पेन बघा

टपालाने पैसे पाठवायचे म्हटलं की सगळी काळजी पाकिटाची. जाड पाकीट, चारही कडांना सेलोटेप आणि वर मोठ्या अक्षरांत ‘आत चेक आहे’. चोराला आणखी काय हवं? पाकीट साधंच ठेवा, मेहनत चेक लिहिताना घ्या.

कारण चोरीला गेलेला चेक धुतला जातो. साध्या बॉलपेनची शाई अॅसिटोनमध्ये विरघळते, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवातही. सहीवर आधी चिकटपट्टी लावून तेवढी वाचवतात, नाव आणि रक्कम उतरवतात, कागद वाळवतात. सही तुमची, नाव भलत्याचं! म्हणून पिगमेंट शाईचं काळं जेल पेन वापरा. तिचे कण कागदाच्या तंतूंत रुतून बसतात. सगळीच जेल पेनं तशी नसतात, पेनाच्या वेष्टनावर ‘पिगमेंट’ लिहिलंय का ते वाचून घ्या.

नाव अगदी डावीकडून सुरू करायचं आणि उरलेल्या जागेत रेघ ओढायची. अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहून तिथेही रेघ. पहिला आकडा चलनाच्या चिन्हाला खेटून, नाहीतर एका फटीत एक अंक सहज मावतो. जिथे क्रॉसिंग चालतं तिथे डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा आणि मध्ये ‘अकाउंट पेयी’. ‘रक्कम तुम्हीच भरा’ म्हणून कोरा चेक सही करून पाठवणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार.

चेक दुमडलेल्या कागदाच्या आत ठेवा, उजेडात धरला तरी दिसता कामा नये. स्टेपलर नको, पिन छाननीच्या यंत्रात अडकून पाकीट फाटू शकतं. खिडकीचं पाकीट असेल तर चारही कडांवर टेबलावर आपटून बघा. आतला कागद सरकून खिडकीत पत्त्याऐवजी रक्कम डोकावते. पाकीट काउंटरवर द्या किंवा शेवटच्या उचलीच्या आधी पेटीत टाका. रात्रभर पेटीत पडू देऊ नका. रक्कम मोठी असेल तर रजिस्टर करा. नोटा पाठवूच नका.

टाकण्याआधी चेकच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि ज्याला पाठवताय त्याला चेकचा नंबर कळवा.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. खात्यातून बरोबर तेवढीच रक्कम गेली की लोक निर्धास्त होतात. हुशार चोर रकमेला हातच लावत नाही, फक्त नाव बदलतो. त्यामुळे वटलेल्या चेकची प्रतिमा बँकेकडून उघडून नाव वाचा. वेगळं दिसलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, तिला मुदत असते. चेक पोचलाच नाही तर आधी जुन्याचं पेमेंट थांबवा, बँकेकडून पोच घ्या, मगच नवा लिहा. आणि ही थांबवण्याची सूचना किती दिवस चालते तेही तिथेच विचारा, काही बँकांत ती ठरावीक काळाने आपोआप संपते.